आल्बर्ट गॅलाटिन : पस्तीस समित्यांचा आमदार

जमाखर्च (धागाकर्ता) :

अमेरिकेच्या आरंभीच्या राजकारणात पैशाचा विषय निघाला की पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याचे नाव येते आणि बहुतेक वेळा चर्चा तिथेच थांबते. त्याच्यानंतर काही वर्षांनी त्याच खुर्चीत बसलेला आणि जवळजवळ तेरा वर्षे तिथे टिकलेला आल्बर्ट गॅलाटिन आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नसतो. ज्यांना ठाऊक असतो तेही त्याला ‘जेफरसनचा अर्थमंत्री’ एवढ्यावर निकालात काढतात. माझे म्हणणे असे आहे की गॅलाटिन घडला तो वॉशिंग्टनमध्ये नव्हे, तर पेनसिल्व्हेनिया राज्याच्या विधिमंडळात, आणि पुढे देशपातळीवर त्याने जे केले ते बहुतांशी तिथे लागलेल्या सवयींचेच मोठे रूप होते. सविस्तर लिहितो, दुरुस्त्या अवश्य सुचवाव्यात.

त्याचा जन्म २९ जानेवारी १७६१ रोजी जिनिव्हातील एका प्रतिष्ठित घराण्यात झाला. आईवडील लहानपणीच गेले. शिक्षण संपल्यावर आजीने आपल्या ओळखीने त्याला हेसच्या संस्थानिकाच्या सैन्यात अधिकारपद मिळवून द्यायचे ठरवले, म्हणजे इंग्रजांच्या बाजूने अमेरिकेत लढणाऱ्या भाडोत्री फौजेत. जुलमी राजाची चाकरी करणार नाही, असे नातवाने सांगताच आजीने त्याच्या कानाखाली वाजवली. १७८० मध्ये आंरी सेर नावाच्या मित्राबरोबर घरी न सांगता तो निघाला, तो अमेरिकेत उतरला आणि गाठीच्या पैशांतून बॉस्टनमध्ये चहा विकत घेऊन बसला. चहा खपेना. हार्वर्डमध्ये काही काळ फ्रेंच शिकवून झाले, मग व्हर्जिनियामार्गे पश्चिमेकडच्या जमिनींचे वेड लागले, आणि अखेर पेनसिल्व्हेनियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, फेएट काउंटीत, मोनोंगहिला नदीवरच्या एका उंचवट्यावर त्याने बिऱ्हाड थाटले. या माणसाने पुढे देशाचा हिशेब चोख ठेवला. स्वतःचे बरेचसे व्यवहार मात्र आतबट्ट्याचे ठरले.

राज्याच्या राजकारणात तो आला १७८८ मध्ये, हॅरिसबर्गच्या परिषदेतून. नव्या संघराज्याच्या राज्यघटनेत दुरुस्त्या हव्यात असे म्हणणाऱ्यांची ती परिषद होती. त्यानंतर १७८९–९० मध्ये पेनसिल्व्हेनियाची स्वतःची घटना नव्याने लिहिण्यासाठी जे अधिवेशन भरले, त्यातही तो होता. गंमत म्हणजे असे अधिवेशन भरवूच नये असे त्याचे आधी मत होते. १७९० मध्ये तो विधिमंडळात निवडून आला आणि पुढची दोन्ही वर्षे पुन्हा निवडला गेला.

इथे जरा थांबण्यासारखे आहे. सभागृहात बहुमत विरोधी पक्षाचे होते. गॅलाटिन डोंगरापलीकडच्या मागास भागाचा प्रतिनिधी, वयाने तिशीचा, इंग्रजी बोलताना फ्रेंच हेल काढणारा. त्याच्याकडे ना पैसा होता, ना नात्यागोत्याचे जाळे, ना वक्तृत्व. तरीही पहिल्याच अधिवेशनात महसूल समितीचा जो अहवाल त्याने लिहिला, त्यावर दोन्ही बाजूंकडून एवढी वाहवा झाली की आपण स्वतःच चकित झालो, असे त्याने नंतर नोंदवून ठेवले आहे. १७९१–९२ च्या अधिवेशनात तो पस्तीस समित्यांवर होता, आणि त्यांचे अहवाल व विधेयकांचे मसुदे आपणच लिहिले असे तो सांगतो. ज्यांनी कोणत्याही संस्थेच्या कार्यकारिणीत काम केले असेल त्यांना यातली मेख लगेच कळेल : बैठकीत बोलतात सगळे, पण जो इतिवृत्त लिहितो त्याच्या हाती बऱ्याच गोष्टी जातात.

त्या अहवालांतला विचार साधा होता. चालू खर्च चालू उत्पन्नातून भागला पाहिजे, जुने कर्ज कधी फिटणार त्याचा मुहूर्त ठरलेला असला पाहिजे, आणि अमुक कामासाठी मंजूर झालेला पैसा त्याच कामावर गेला हे सभागृहाला कागदावर दिसले पाहिजे. राज्याचे चलनातले कागदी पैसे मागे घेणे, जुनी देणी चुकती करणे, उरलेल्या शिलकेतून बँक ऑफ पेनसिल्व्हेनियात दहा लाख डॉलरचे भागभांडवल घालून तिच्या लाभांशावर राज्याचा खर्च चालवणे, या सगळ्यांत त्याचा हात होता. प्रत्येक काउंटीत एक शाळा काढण्याची त्याची योजना मात्र बारगळली.

या कामाचे बक्षीस म्हणून २८ फेब्रुवारी १७९३ रोजी विधिमंडळाने त्याला ४५ विरुद्ध ३७ मतांनी अमेरिकेच्या सिनेटवर निवडून दिले. सिनेटसाठी नऊ वर्षांचे नागरिकत्व लागते; आपण नऊ वर्षांपासून नागरिक आहोत की नाही याबद्दलची शंका त्याने स्वतःच सहकाऱ्यांपुढे आधी मांडली होती. ती खरी ठरली. डिसेंबरात तो आसनावर बसला त्याच दिवशी त्याच्या निवडीविरुद्ध पेनसिल्व्हेनियातल्या १९ जणांचा अर्ज आला. प्रकरण चालू असतानाच या पठ्ठ्याने ठराव आणला की अर्थखात्याने कर्जाचा आणि जमाखर्चाचा तपशीलवार तक्ता सिनेटपुढे ठेवावा. हॅमिल्टन चिडला. अखेर २८ फेब्रुवारी १७९४ रोजी, निवडीला बरोबर एक वर्ष झाले त्या तारखेला, सिनेटने १४ विरुद्ध १२ मतांनी त्याची निवड रद्द केली. या प्रकरणाचे एक फळ मात्र टिकले : तोवर बंद दाराआड चालणाऱ्या सिनेटने ही सुनावणी लोकांसाठी उघडी ठेवली, आणि त्याच महिन्यात पुढच्या अधिवेशनापासून कायदेविषयक कामकाजही खुले करण्याचा ठराव केला.

व्हिस्कीच्या बंडाबद्दल इथे लिहीत नाही. त्या भागात राहणारे सदस्य माझ्यापेक्षा नीट सांगतील. १७९५ पासून १८०१ पर्यंत तो प्रतिनिधिगृहात होता. महसूल समिती १७९५ मध्ये पुन्हा नेमली गेली ती त्याच्या आग्रहावरून, म्हणजे फिलाडेल्फियातल्या राज्य विधिमंडळाची पद्धत त्याच शहरात भरणाऱ्या राष्ट्रीय सभागृहात गेली. १७९७ मध्ये जेम्स मॅडिसन बाहेर पडल्यावर जेफरसनच्या पक्षाची धुरा त्याच्याकडे आली. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जेफरसन आणि आरन बर यांना ७३–७३ मते पडून १८०१ मध्ये पेच झाला, तेव्हा छत्तीस फेऱ्यांच्या मतदानात जेफरसनची बाजू एकसंध ठेवण्याचे काम त्याचेच.

मग अर्थखाते. कर्ज होते सुमारे ८ कोटी ३० लाख डॉलर. दरवर्षी ७३ लाख डॉलर त्यासाठी बाजूला काढले तर सोळा वर्षांत ते फिटेल, असे गणित त्याने मांडले; देशांतर्गत कर १८०२ मध्ये रद्द झाले आणि भिस्त आली ती जवळपास सगळी आयातीवरील जकातीवर. मध्येच फ्रान्सकडून लुईझियानाचा प्रदेश विकत घेणे आले : दीड कोटी डॉलर, त्यांपैकी १ कोटी १२ लाख ५० हजार सहा टक्के व्याजाच्या नव्या रोख्यांत. ही भर पडूनही १८१२ च्या आरंभी कर्ज साडेचार कोटींवर आले होते. राष्ट्राला नवा प्रदेश घेण्याचा अधिकार घटनेत लिहिलेला नाही, या विचाराने जेफरसन अडला होता. राष्ट्र म्हटले की तो अधिकार त्यात आलाच, हे त्याला जानेवारी १८०३ मध्ये लिहून देणारा गॅलाटिनच होता.

पिट्सबर्गकर :

उत्तम धागा. बोलावणे आलेच आहे तर बंडाबद्दल लिहितो.

व्हिस्कीवरच्या १७९१ च्या अबकारी कराचा मुद्दा फिलाडेल्फियात बसून कळणारा नव्हता. इथल्या शेतकऱ्याला राय डोंगरापलीकडे विकायला न्यायची तर ओझ्याच्या घोड्यावर चार बुशेल धान्य जाई. त्याच घोड्यावर दारूच्या रूपात चोवीस बुशेलांचे धान्य जाऊ शके. रोख पैसा कोणाकडेच नव्हता, त्यामुळे व्हिस्की हेच चलन होते. त्यावर कर रोखीत मागितला, आणि खटला झाला तर तीनशे मैलांवर फिलाडेल्फियात हजर व्हायचे. १७९२ मध्ये पिट्सबर्गच्या सभेत कर वसूल करणाऱ्यांशी कसलाही व्यवहार ठेवू नये असे ठराव झाले. गॅलाटिन त्या सभेचा चिटणीस होता आणि त्या ठरावांखाली त्याची सही होती. पुढे भर विधिमंडळात त्याने त्याला आपले एकमेव राजकीय पाप म्हटले.

जुलै १७९४ मध्ये या कराची वसुली पाहणाऱ्या जनरल नेव्हिलचे घर जाळले गेले, ऑगस्टच्या पहिल्या तारखेला ब्रॅडॉकच्या मैदानावर हजारो सशस्त्र माणसे जमली. अशा वेळी शांत राहा म्हणणे म्हणजे स्वतःच्या घरावर पेटती मशाल ओढवून घेणे होते. पार्किन्सन्स फेरीच्या सभेत आणि नंतर ऑगस्टअखेर ब्राउन्सव्हिलला गॅलाटिनने नेमके तेच केले. ब्राउन्सव्हिलला सरकारच्या अटी मान्य कराव्यात की नाही यावर मत द्यायला कोणीच उघडपणे धजेना. चिठ्ठीवर लिहावे तर अक्षर ओळखले जाण्याची भीती. शेवटी प्रत्येकाला एकेक कागद दिला, त्यावर ‘होय’ आणि ‘नाही’ दोन्ही लिहिलेले. नको तो तुकडा फाडून नष्ट करायचा आणि उरलेला टाकायचा. ३४ विरुद्ध २३ अशी ती मते पडली. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनची जवळजवळ तेरा हजारांची फौज तरीही आली, पण तिला लढायला समोर कोणी उरले नव्हते.

त्याच ऑक्टोबरात फेएटने त्याला पुन्हा राज्य विधिमंडळात पाठवले, आणि ज्या मतदारसंघात तो राहतही नव्हता त्या शेजारच्या वॉशिंग्टन–अलेगेनी काउंट्यांनी उमेदवारी न मागता त्याला राष्ट्रीय प्रतिनिधिगृहात निवडून दिले. बंडखोर भागातल्या निवडणुका म्हणून विधिमंडळाने चार पश्चिमी काउंट्यांच्या निवडी रद्द केल्या. फेरनिवडणुकीत तो पुन्हा आला. त्याचे ते घर, ‘फ्रेंडशिप हिल’, आता राष्ट्रीय स्मारक आहे. विटांचा जुना भाग १७८९ चा. त्याच वर्षी लग्नानंतर पाचच महिन्यांनी वारलेली त्याची पहिली पत्नी सोफिया तिथेच पुरलेली आहे. आम्ही गेलो तेव्हा खाली नदी धुक्यात होती, आणि हा माणूस इथून घोड्यावर फिलाडेल्फियाला ये-जा कशी करत असेल या विचारानेच पाय दुखू लागले.

जुना_कारकून :

लेख वाचनीय आहे, पण कौतुक एकतर्फी झाले आहे. व्यापारबंदीचे प्रकरण धागाकर्त्यांनी सोयीस्करपणे गाळले, असे मी नम्रपणे म्हणेन. डिसेंबर १८०७ मध्ये जेफरसनने अमेरिकी जहाजांना परदेशी जाण्यास बंदी केली. कायदा होण्याच्या आधीच गॅलाटिनने त्याला लिहिले होते की सरकारी मनाई नेहमी अंदाजापेक्षा अधिक अपाय करते, आणि कायमच्या बंदीपेक्षा युद्ध पत्करले. ठीक. मग पुढे काय केले? तीच बंदी राबवली. जकात अधिकारी त्याच्याच खात्याचे. बंदी मोडली जाते हे दिसल्यावर १८०८ च्या उन्हाळ्यात त्याने कळवले की एकही जहाज विशेष परवानगीवाचून हलू देऊ नये आणि संशयावरून माल ताब्यात घेण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना द्यावा. असे अधिकार घातक आणि तिरस्करणीय आहेत हेही त्याच पत्रात कबूल केले. जानेवारी १८०९ च्या कायद्यात ते अधिकार आलेच. व्हिस्कीवरच्या कर वसुलीविरुद्ध उभा राहिलेला माणूस पंधरा वर्षांनी कॅनडाच्या सीमेवरून चोरून जाणाऱ्या पोटॅशच्या पिंपांमागे अधिकारी धाडतो, याला काय म्हणावे? आणि ज्या जकातीवर त्याचे सगळे गणित उभे होते ती स्वतःच्याच हाताने आटवली : तिजोरीतली आवक १८०८ मधल्या सुमारे १ कोटी ७० लाखांवरून पुढच्या वर्षी निम्म्याहून खाली आली.

जमाखर्च (धागाकर्ता) :

जुना_कारकून, आक्षेप मान्य आहे. गाळण्याचा हेतू नव्हता, पण ते लिहायला हवे होते हे खरे.

माझे उत्तर एवढेच की हा त्याच्या त्याच राज्यातल्या सवयीचा दुसरा चेहरा आहे. समितीत तो विरोध नोंदवायचा, बहुमताने ठरले की मसुदाही तोच लिहायचा, आणि लिहायला बसला की पळवाट राहू द्यायची नाही हा त्याचा स्वभाव. विधेयकाला हा गुण. बंदीहुकमाला तोच गुण जुलूम ठरतो. त्याने तेव्हा राजीनामा द्यायला हवा होता असे मला वाटते. १८०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या मॅडिसनने त्याला परराष्ट्रमंत्री करायचे ठरवले आणि स्वपक्षाच्याच सिनेटरांनी, सॅम्युएल स्मिथ व जाइल्स यांच्या गटाने, ते हाणून पाडले, तेव्हाही तो अर्थखात्यातच राहिला. कर्ज फेडायचे काम अर्धवट टाकवेना, असे दिसते. इंग्लंडशी झालेल्या १८१२ च्या युद्धाने ते गणित पार उधळले. १८१६ च्या आरंभी कर्ज १२ कोटी ७० लाखांवर होते.

सायली_वाचते :

एक शंका. जेफरसनने गॅलाटिनला हॅमिल्टनची दप्तरे तपासून त्याचे घोटाळे शोधायला सांगितले, आणि याने तपासून सांगितले की घोटाळा सोडा, साधी चूकसुद्धा नाही, याहून चांगली व्यवस्था होणे नाही, अशी गोष्ट मी वाचली होती. ती खरी असेल तर तुम्ही म्हणता त्या ‘राज्य विधिमंडळाच्या पद्धती’चे काय उरते? हॅमिल्टनचीच गादी पुढे चालवली म्हणायचे.

जमाखर्च (धागाकर्ता) :

सायलीताई, ती गोष्ट ज्या आठवणींतून येते त्या हॅमिल्टनच्या मुलाच्या आहेत, तेव्हा मीठ घालूनच घ्यावी. पण गाभ्यात तथ्य आहे. हॅमिल्टनने उभारलेली राष्ट्रीय बँक गॅलाटिनला उपयोगी वाटत होती, आणि १८११ मध्ये तिची सनद वाढवावी म्हणून तो स्वपक्षाशी झगडला. प्रतिनिधिगृहात विधेयक एका मताने, ६५ विरुद्ध ६४, बाजूला पडले; सिनेटमध्ये १७–१७ झाले आणि उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज क्लिंटनने विरोधात मत टाकले. वर्षभरात युद्ध आले, आणि कर्ज द्यायला बँकच नव्हती. १८१३ च्या १ कोटी ६० लाखांच्या कर्जातला मोठा वाटा मग स्टीफन जिरार्ड, डेव्हिड पॅरिश आणि जॉन जेकब ॲस्टर या धनिकांच्या गळ्यात घालावा लागला, तोही शंभराचा रोखा ८८ ला देऊन.

फरक बँकेत नव्हे, हिशेबाच्या रीतीत आहे. हॅमिल्टनला ठोक रक्कम मंजूर करून हवी असे, विनियोग खात्याने ठरवायचा. गॅलाटिनचा आग्रह असा की प्रत्येक कामाची रक्कम सभागृहाने वेगळी मंजूर करावी, आणि डिसेंबर १८०१ च्या जेफरसनच्या पहिल्या वार्षिक संदेशात तो आग्रह जसाच्या तसा उतरला आहे. मात्र युद्ध आणि नौदल खात्यांकडून तसा हिशेब काढता काढता त्याच्या नाकी नऊ आले.

रस्त्याकडेला :

त्याच्या कामाचा १८०८ चा रस्ते व कालव्यांवरचा अहवाल राहिला. दहा वर्षे दरसाल वीस लाख, एकूण दोन कोटी डॉलर, आणि त्यातून किनाऱ्याला समांतर जलमार्ग, डोंगर ओलांडून पश्चिमेच्या नद्यांना जोडणारे रस्ते. व्यापारबंदी आणि युद्ध यांत ते सगळे कागदावरच राहिले. न्यूयॉर्कने पुढे ईरी कालवा स्वतःच्या राज्याच्या पैशावर खणला. १८०६ मध्ये मंजूर झालेला राष्ट्रीय रस्ता मात्र झाला, आणि तो ब्राउन्सव्हिलवरून, म्हणजे गॅलाटिनच्या घरापासून फार लांबून नव्हे, असा गेला. विरोधकांनी त्यावरून टोमणे मारले त्यात नवल नाही.

दूरदेशी :

मी इथे पंचवीस वर्षे आहे आणि अजूनही फोनवर माझे नाव दोनदा उच्चारून सांगावे लागते, म्हणून त्या फ्रेंच हेलाचा उल्लेख मनात राहिला. १७९८ मध्ये नागरिकत्वासाठीची मुदत पाचवरून चौदा वर्षांवर नेली गेली, आणि परदेशात जन्मलेल्याला काँग्रेसमध्ये बसताच येऊ नये अशी घटनादुरुस्ती मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने सुचवली. कोणाचे नाव घेतले नव्हते, पण रोख कोणावर होता ते उघड होते.

आणखी एक : सिनेटने त्याला एकदाच नव्हे, दोनदा परत पाठवले. दुसऱ्या वेळेबद्दल कोणी लिहिले नाही.

जमाखर्च (धागाकर्ता) :

दूरदेशी, बरोबर पकडलेत. मे १८१३ मध्ये रशियाच्या मध्यस्थीने इंग्लंडशी तह करायला तो सेंट पीटर्सबर्गला निघाला, अर्थमंत्रिपद न सोडता. एका माणसाने दोन पदे धरू नयेत, या कारणाने सिनेटने त्याची दूत म्हणून नेमणूक १८ विरुद्ध १७ मतांनी नाकारली. तो तोवर समुद्रावर होता. बातमी रशियात पोहोचली, तेव्हा तहाला आलेल्या या माणसाकडे बोलणी करण्याचा अधिकारच उरला नव्हता. फेब्रुवारी १८१४ मध्ये मॅडिसनने अर्थमंत्रिपद रिकामे झाल्याचे मानून नव्या शिष्टमंडळात त्याचे नाव पुन्हा पाठवले, आणि या वेळी ते मंजूर झाले. पण आधीच्या चौघांच्या नेमणुका झालेल्या असल्याने ज्येष्ठतेत तो पाचवा आणि शेवटचा.

तहाची बोलणी झाली त्या गेंटला (आजच्या बेल्जियममध्ये) शिष्टमंडळातल्या जॉन क्विन्सी ॲडम्स आणि हेन्री क्ले यांचे एकमेकांशी पटत नसे : पहाटे उठणाऱ्या ॲडम्सला क्लेच्या खोलीतला पत्त्यांचा डाव नुकता मोडताना ऐकू येई. ॲडम्सला न्यू इंग्लंडसाठी मासेमारीचे हक्क राखायचे होते, क्लेला मिसिसिपीत इंग्रजांची एकही होडी नको होती, आणि दोघांच्या मसुद्यांना कात्री लावून, दोघांनाही रुचेल असा कागद तयार करण्याचे काम गॅलाटिनकडे आले. छत्तिसावी समितीच म्हणा. २४ डिसेंबर १८१४ च्या तहाखाली आधी तिघा इंग्रजांच्या सह्या आहेत, मग ॲडम्स, बेयर्ड, क्ले, रसेल, आणि सगळ्यांच्या खाली आल्बर्ट गॅलाटिन.